टँकरला मीठ बंद

नाही, मला एवढंच सांगा, कुत्र्याला मीठ घालू नका हे सांगायला कुणी सभा बोलावली, तर त्या सभेला माणसं काय घेऊन येतात? सॉसेज रोल! हॅमची सँडविचेस! चीजचे चौकोनी तुकडे, वर काड्या टोचलेले, काडी काढली की थेट कुत्र्याच्या तोंडात जातील अशा मापाचे!... नाही नाही, मी चिडलेली नाहीये हं. माझा आवाजच असा आहे. मी शांत आहे. तुम्ही बसा काकू, मांजराची टोपली ठेवा त्या खुर्चीवर, मला खुर्ची नकोच, मी दोन तास गाडीत बसूनच आलेय. आणि दादा, तुमचा काकाकुवा माझ्याकडे असा का बघतोय? बघू दे, बघू दे. रविवारच्या दिवशी प्राण्यांच्या दवाखान्यात येऊन पडल्यावर आपण तरी दुसरं काय करणार, एकमेकांकडे बघणारच!

तो आत काचेच्या पेटीत आहे ना, प्राणवायू लावलेला, पावाच्या लादीएवढा, तपकिरी कानांचा, तो माझा. म्हणजे माझा नाही. म्हणजे आता माझाच म्हणायचा. टँकर नाव त्याचं. हो, टँकर! आमच्या गावात नाव उलटं ठेवायची पद्धतच आहे. आमच्या बोल्स क्लबच्या अध्यक्षाला, डोक्यावर काळंभोर जंगल होतं तेव्हापासून, सगळे स्नो म्हणतात, मग या एवढ्याशा जिवाला टँकर नाही म्हणणार तर काय म्हणणार? हृदयाचा आजार आहे त्याला. झडप नीट मिटत नाही, रक्त पुढे जायचं ते थोडं मागेच येतं, आणि ते ढकलून ढकलून हृदय मोठं झालंय. बरा होत नाही हा आजार. नुसता सांभाळायचा. आणि डॉक्टर फाम, त्या आत आहेत ना त्याच, त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याला उत्तेजित होऊ देऊ नका. घरातलं माणूस जसं, तसा कुत्रा. तुम्ही शांत राहिलात, तर तो शांत राहील.’’ तेव्हापासून मी शांत आहे. तुम्हाला सांगते, इतकं शांत राहून राहून माझा जबडा दुखतो.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला कुत्रं मिळालं कुठून? मिळालं कसलं, गळ्यात पडलं!

आमचं पोर्ट केंड्रिक माहीत आहे का तुम्हाला? नाहीच ना? कुणालाच नसतं. गव्हाची कोठारं, लॉबस्टरच्या होड्या लागतात तो धक्का, एक पब, एक बेकरी आणि एक बंद पडलेली बँक. मी तिथलीच. शाळा संपली, शिष्यवृत्ती मिळाली, गेले स्वीडनला. तिथे काय शिकले? ‘लहान गावं जगवायची कशी’ हे शिकले. दादा, हसलात तुम्ही. हसा. सगळे हसतात. पण मला खरंच वाटतं हो! मला वाटतं की एखादं गाव मरतं ना, ते पैसा नाही म्हणून मरत नाही, माणसं एकमेकांच्या घरी जायची थांबतात म्हणून मरतं. हे मी प्रबंधात लिहिलं, त्याला तिकडे बक्षीस मिळालं, आणि मी म्हटलं, आता इथे थांबायचं नाही, आता आपल्या गावी जायचं, आणि जे लिहिलं ते करून दाखवायचं!

ॲडलेडला विमानातून उतरले आणि आईला फोन केला. ‘‘आई, मी आले! कायमची आले!’’ आई म्हणाली, ‘‘अगं वा! किल्ली कुंडीखाली आहे.’’

किल्ली कुंडीखाली! आईबाबांनी कॅरव्हान घेतली होती, निवृत्त झाले होते आणि त्याच आठवड्यात देश बघायला निघाले होते. मी गाव जगवायला परत आले, आणि गावातली दोन माणसं तिथेच कमी झाली, तीही माझ्याच घरची. फ्रीजरमध्ये सूप ठेवलं होतं, ते मात्र खरं. आता अधूनमधून फोन येतो त्यांचा, पण त्या वाळवंटात कुठली रेंज? ‘‘पोरी, इथे काय सूर्य मावळतोय म्हणून सांगू, आकाश नुसतं...’’ आणि कट. मला आजवर एकही सूर्यास्त पुरता ऐकायला मिळालेला नाही.

तर मी पहिली सभा घेतली. गावच्या हॉलमध्ये. विषय काय? ‘लहान गावांतला एकटेपणा : कारणं आणि उपाय’. खुर्च्या गोलात मांडल्या, म्हणजे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, तिकडे अशाच मांडतात. कॉफी केली. दार उघडं ठेवलं. आणि बसले. गोल फार मोठा मांडला होता मी... रिकामा गोल फारच मोठा दिसतो हो.

आला फक्त डेस. डेस ट्रेलोअर. धक्क्यावर होड्या बांधून घ्यायचं काम आयुष्यभर केलेला म्हातारा, कंबर गेलेली, आणि बगलेत हा टँकर. मी म्हटलं, ‘‘डेस, बाकीचे येतील ना?’’ म्हणाला, ‘‘आज फुटबॉल आहे. तू कर सुरू. आम्ही दोघं आहोत.’’ मग काय, बोलले मी! पूर्ण बोलले, चित्रं दाखवली, तक्ते दाखवले, शेवटी विचारलं, ‘‘काही प्रश्न?’’ डेसने बराच विचार केला आणि म्हणाला, ‘‘हा हीटर नवीन बसवलाय का?’’

दुसऱ्या दिवशी बेकरीत पाय ठेवते तर गेल, आमची बेकरीवाली, काउंटरच्या पलीकडून ओरडते, ‘‘काय गं स्वीडन! गेला का एकटेपणा?’’ झालं. तेव्हापासून माझं नाव स्वीडन. माझं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

त्यानंतर डेसच्या कंबरेचं ऑपरेशन ठरलं. लेक आली त्याला ॲडलेडला न्यायला. तिचा फ्लॅट, कुत्रे चालत नाहीत. डेस माझ्या दारात उभा, ‘‘दोन आठवडे गं पोरी. फार तर तीन. तुझ्याकडे तसंही कुणी येत-जात नाही.’’ असं तोंडावर! आणि साखळी माझ्या हातात दिली. तेव्हा थंडी होती. आता उन्हाळा आलाय. डेसची कंबर बरी आहे म्हणे, जिना तेवढा जमत नाही. येणार नाही तो आता. त्यालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

तर पहिल्या दिवशी टँकरला फिरायला नेलं. तुम्हाला सांगते, रस्त्याने जे स्वागत! ट्रक थांबवून लोक काच खाली करतात, ‘‘काय राव, बरं आहे ना?’’ मी म्हणते, ‘‘हो, मी छान आहे, तुम्ही...’’ तर तो खाली बघतोय. टँकरकडे! टँकरला विचारतोय! मी कोण? साखळीचं वरचं टोक. आणि त्याला मी फिरवत नव्हते, तो मला फिरवत होता. त्याचा ठरलेला रस्ता आहे. आधी बेकरीचं मागचं दार, तिथे सॉसेज रोलचं टोक. मग पबचं मागचं दार, तिथे चरबीचा तुकडा. मग बोल्स क्लब, तिथे पांढऱ्या कपड्यातले म्हातारे हिरवळीवर गोळे सोडायचे थांबतात, स्नो पँटच्या खिशातून हॅम काढतो. पँटच्या खिशातून! पांढऱ्या पँटच्या! जिथे मी वर्षभर डेस सोडून एक माणूस गोळा करू शकले नाही, तिथे हा प्राणी दहा मिनिटांत अख्खं गाव गोळा करतो. मत्सर वाटला मला. कुत्र्याचा. इतकं शिकून.

पण बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू? त्याच्या निमित्ताने चार शब्द माझ्याही अंगावर उडायचे. ‘‘पाऊस नाही यंदा, नाही का गं?’’ तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

आणि मग त्याला खोकला सुरू झाला. मला वाटलं हाड अडकलं. इथे आणलं तर डॉक्टर फामनी कानाला नळ्या लावल्या, छाती ऐकली, आणि ऐकतच राहिल्या. डॉक्टर जास्त वेळ ऐकायला लागले ना, की समजावं. मग फोटो काढला छातीचा, मला दाखवला. एवढ्याशा छातीत एवढं मोठं हृदय, शेजारी फुप्फुसांना जागाच नाही. आणि सांगितलं सगळं. सकाळ-संध्याकाळ गोळी, रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी. दुसरी गोळी अंगातलं पाणी काढायची. पळापळ नाही. मीठ नाही. तो झोपला की शेजारी बसून श्वास मोजायचे, मिनिटात तीसच्या वर गेले तर फोन करायचा. दुपारी तो झोपतो आणि मी घड्याळ घेऊन त्याच्या पोटाकडे बघत बसते. वर, खाली. वर, खाली. तुम्हाला गंमत सांगू? त्याच्याकडे बघता बघता मी माझा श्वास घ्यायची विसरते. मग एकदम घेते, मोठ्याने, आणि तो जागा होतो!

आणि ती पाण्याची गोळी... काकू, एवढ्याशा देहात एवढं पाणी कुठून येतं? नाव सार्थ केलं त्याने. बाहेर नेलं की उंबऱ्याशी, आत आणलं की गालिच्यावर. मी चिडले नाही. मी शांत आहे.

आता गोळी. गोळी खायला घालायची कशी? मी म्हटलं, सोपं आहे. ब्रेडच्या कडेला व्हेजिमाइट फासायचं, त्यात गोळी दाबायची. लगेच गिळतो. लहानपणी मला ताप आला की आई तशीच द्यायची, तुम्हालाही दिली असेल तुमच्या आईने, होय ना? बघा, काकू मान हलवतायत. आठवडाभर मी मोठ्या कौतुकाने व्हेजिमाइट फासतेय, सकाळ, संध्याकाळ, त्यालाही आवडलं, भांडं चाटायला लागला. मग इथल्या काउंटरवरच्या मुलीचा चौकशीचा फोन आला, ‘‘गोळ्या घेतो ना नीट?’’ मी म्हटलं, ‘‘अगदी आनंदाने!’’ ‘‘कशात देता?’’ ‘‘कशात म्हणजे, व्हेजिमाइटमध्ये.’’ पलीकडे शांतता. मला वाटलं, आईबाबांसारखी यांचीही रेंज गेली. मग ती मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाई, डबीवर मिठाचं प्रमाण वाचलंत का कधी?’’

नव्हतं वाचलं! कुणी वाचतं? आपण काय वाचून खातो का ते? जन्मल्यापासून फासतोय! काळं, खारट, मिठाचं नुसतं डांबर आहे ते, आणि मी पदवी घेतलेली बाई, हृदयरोग्याला दिवसातून दोनदा चाटवत होते. डबी फेकली मी. म्हणजे कपाटात वर ठेवली. माझा पण सकाळचा टोस्ट असतो ना.

तिथून मी पेटले. म्हटलं, आता या कुत्र्याच्या पोटात मिठाचा कण जाऊ द्यायचा नाही. उकडलेली कोंबडी, भात, भोपळा, बिनमिठाचा, हाताने भरवलेला. तोही माझ्यासोबत जेवायचा, मीही त्याचंच जेवायचे, वेगळं कोण करणार एकटीसाठी? पण गाव! गावाचं काय करणार? गेलला सांगितलं, ‘‘गेल, याला हृदयाचा आजार आहे, सॉसेज रोल बंद.’’ तिने दोन्ही हात छातीवर ठेवले, डोळ्यांत पाणी, ‘‘अरे देवा! माझं सोनं! माझा राजा तो!’’ आणि असं म्हणत म्हणत खाली वाकून त्याला रोलचं टोक दिलं! ‘‘गेल!’’ ‘‘अगं एवढुशाने काय होतंय? दुःख झालं गं मला!’’ स्नो म्हणतो, ‘‘माझ्या बापाला तीन झटके आले, त्याने हॅम सोडलं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग बरे होते का ते?’’ म्हणाला, ‘‘नाही, चौथ्यात गेला. पण आनंदात गेला.’’ आता बोला!

मग मी त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधला. त्यावर लिहिलं, ‘मला खायला देऊ नका’. परिणाम काय? लोक वाचायचे, कळवळायचे, ‘‘बिचारा! ती स्वीडन उपाशी ठेवते गं त्याला!’’ आणि दुप्पट द्यायचे.

दर रविवारी डेसचा फोन यायचा. मला ‘कशी आहेस’ नाही, काही नाही, थेट, ‘‘लाव त्याच्या कानाला.’’ मी लावायचे. डेसचा आवाज ऐकला की हा वेडा व्हायचा, घरभर पळायचा, दारं हुंगायचा, म्हातारा कुठे लपलाय म्हणून, आणि मग खोकल्याची उबळ. शेवटी मी सांगितलं, ‘‘डेस, डॉक्टर म्हणतात उत्तेजना नको. जरा हळू बोलाल का?’’ तेव्हापासून डेस कुजबुजतो. आयुष्यभर होड्यांवर ओरडलेला माणूस! मी फोन कुत्र्याच्या कानाला धरून बसते, आणि आतून बारीक बारीक आवाज येतो, ‘‘...काय रे... म्हाताऱ्या... झोपतोस का नीट...’’ आणि टँकर मान वाकडी करून ऐकतो, शेपटीचं टोक तेवढं हलतं. मी ऐकत नाही हं. म्हणजे, ऐकू येतं. घर लहान आहे, आणि दुसरा आवाज नसतो घरात.

तर म्हटलं, एकेकाला सांगून होत नाही, सभा घ्यायची. कागद चिकटवले, बेकरीत, पबमध्ये, क्लबात. ‘टँकरच्या तब्येतीविषयी, शनिवारी दुपारी, हॉलमध्ये’. खुर्च्या मांडल्या. या वेळी गोल लहान मांडला, अनुभव होता ना. आणि काय सांगू तुम्हाला... अख्खं गाव! खुर्च्या संपल्या, बाकं आणली, बाकं संपली, लोक खिडकीत बसले. शेतावरचे आले, होडीवरचे आले, ज्यांचं आपापसांत दहा वर्षं भांडण आहे ते शेजारी शेजारी बसले. मला भरून आलं. मी म्हटलं, हेच ते! हेच मी लिहिलं होतं!

आणि प्रत्येकाच्या हातात ताट. आता आपल्याकडे सभा म्हटली की कुणी रिकाम्या हाताने येतं का? अंत्यविधी असो, आग विझवायचं प्रशिक्षण असो, आपापलं ताट भरून आणायचं, मधल्या टेबलावर ठेवायचं, सगळ्यांनी मिळून खायचं. सांगावंही लागत नाही. मी त्याच पद्धतीवर दुसरं प्रकरण लिहिलंय प्रबंधात, वाटून खाल्ल्याने माणसं कशी जोडली जातात म्हणून! मग मीच कुठल्या तोंडाने म्हणू, ताटं परत न्या? टेबल भरून वाहतंय, सगळं खारट, सगळं मांसाचं, आणि टेबलाखाली आजारी माणूस शेपटी हलवतोय.

मी मुद्द्याचं सांगितलं. स्पष्ट सांगितलं. हृदय, झडप, पाणी, मीठ. म्हटलं, ‘‘तुमचं त्याच्यावर प्रेम आहे ना? मग उद्यापासून एक कणही नाही.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. गेल रडली. स्नो उभा राहून म्हणाला, ‘‘स्वीडनचं बरोबर आहे. क्लबातर्फे मी शब्द देतो.’’ टाळ्या! मला टाळ्या! तिथे थांबायचं ना मी? तिथे कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. पण समोर अख्खं गाव बसलंय हो... सगळे माझ्याकडे बघतायत, माझ्या साखळीच्या खालच्या टोकाकडे नाही... पुन्हा कधी बसणार असे? मी म्हटलं, ‘‘आता आलाच आहात, तर एकटेपणाविषयी दोन शब्द...’’ आणि चित्रं लावली.

दोन शब्द कसले. बोलतच सुटले मी. आणि काय ऐकत होते लोक! कुणी उठलं नाही, कुणी खोकलं नाही, मधूनमधून कुणीतरी वाकायचं, बुटाची नाडी बांधायचं, परत सरळ बसायचं. मला वाटलं, भारावलेत.

त्या नाड्या नव्हत्या. प्रत्येक जण खाली वाकून टँकरला देत होता. एकच! प्रत्येकाने एकच दिला हो! ‘‘उद्यापासून बंद ना गं,’’ गेल मला सांगते, ‘‘म्हणून म्हटलं आज माझ्या हातचा शेवटचा.’’ अख्ख्या गावाला एकाच वेळी वाटलं, माझ्या हातचा शेवटचा! आणि मी वर उभी राहून सांगतेय, ‘‘आपण एकत्र आलो तर काय होऊ शकतं याचा विचार करा...’’ झालं की, जे व्हायचं ते झालं.

आज सकाळी उठले तर हा बसलेला. आडवाच होईना. पुढचे पाय फाकवून, मान पुढे काढून, पोट नुसतं भात्यासारखं. मोजायची गरजच नव्हती. हिरड्या बघितल्या, गुलाबी नव्हत्या. आणि तो माझ्याकडे बघत होता. तक्रार नाही, काही नाही, नुसता बघत होता, की बघ जरा, हे काय होतंय... मी त्याला उचललं, पुढच्या सीटवर ठेवलं, आणि गाडी काढली. दोन तास! सगळा सरळ रस्ता, दोन्हीकडे कापलेला गहू, एक माणूस नाही. मी त्याच्याशी बोलत होते, अशी, अगदी हळू आवाजात, ‘‘मी शांत आहे रे. बघ ना किती शांत आहे मी. तू पण राहा.’’ आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नव्हता. त्याने मध्येच पाय ठेवला माझ्या मांडीवर. मी शपथेवर सांगते, त्या वेळी तो मला शांत करत होता.

आतमध्ये नेल्याला किती वेळ झाला? नको, सांगू नका.

आणि हा फोन बघा, सकाळपासून वाजतोय. गेलने मला निघताना बघितलं, गावभर झालं. ‘टँकर कसा आहे?’ ‘टँकर कसा आहे?’ ‘मी फक्त हॅमचा काठ दिला होता गं.’ ‘माझा रोल लहान होता.’ ‘स्नो रडतोय, त्याला सांगू नकोस मी सांगितलं.’ सगळे विचारतात हो. सगळे त्याचंच विचारतात.

मघाशी मी बाहेर जाऊन आले ना, तो डेसचा फोन होता. रविवार आहे ना आज. नेहमीसारखं कुजबुजत, ‘‘लाव त्याच्या कानाला.’’ आता याला काय सांगू? म्हटलं, ‘‘तो झोपलाय, डेस.’’ त्याला कळलं, असं वाटतं मला. मग म्हणाला, ‘‘बरं. मग तूच बोल.’’ मी म्हटलं, ‘‘काय बोलू?’’ ‘‘काहीही. मला आज काही काम नाही.’’ आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी, जी अख्ख्या गावाला तासभर नाड्या बांधायला लावते, मला एक वाक्य सुचेना. मी म्हटलं, ‘‘डेस, इथे एका माणसाचा काकाकुवा आहे.’’ म्हणाला, ‘‘काय झालंय त्याला?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही.’’ खरंच दादा, काय झालंय त्याला?... पिसं उपटतो? स्वतःची? का?... घरी एकटा असला की. अच्छा... नाही, काही नाही. मी ऐकतेय.

थांबा थांबा, दार उघडलं. डॉक्टर! काय झालं? नाही, मी शांत आहे, तुम्ही सांगा... उतरलं? पाणी उतरलं फुप्फुसातलं? श्वास खाली आला? काकू, श्वास खाली आला! दादा!... उठून उभा राहिला? आणि पेटीच्या काचेवर पाय मारतोय? तोच तो, दुसरा कोण असणार!... हो, गोळी वाढवायची. हो, मीठ नाही. नाही डॉक्टर, सभा नाही. पुन्हा कधी नाही... किती दिवस म्हणून विचारलं नाही मी. तरी सांगा... काही महिने. नीट सांभाळलं तर वर्ष. कदाचित थोडं जास्त... बरं. चालेल. वर्ष म्हणजे पुष्कळ झालं.

घरी नेऊ शकते ना? आजच? संध्याकाळपर्यंत... काय? मी? नाही, सकाळपासून काही खाल्लेलं नाही... हो, माहीत आहे, संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात, झोप येऊन चालणार नाही... काय म्हणालात?... मला घरी न्यायला कुणी आलंय का?

आलंय ना डॉक्टर. आत पेटीत आहे. तेवढं दार उघडा, म्हणजे आम्ही निघतो.